मनगटातली दोरी

"अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा काका, आणि मनगट जरासं आत वाकवा," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्याने तसं केलं आणि मनगटाच्या मधोमध ती दोरी उभी राहिली. बाईंचा चेहरा एकदम खुलला. "अरे वा, आहे की! आणि चांगली जाड आहे. काही जणांना नसतेच, मग आमची पंचाईत होते. हीच काढू आणि तुमच्या बोटात घालू." त्याला आधी वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाच्या हाताबद्दल बोलताहेत. "काढायची म्हणजे? मग मनगटाचं काय?" बाई हसल्या. वयाने त्या त्याच्याहून बऱ्याच लहान होत्या, आणि हसताना आणखीच लहान दिसत. "मनगटाला पत्तासुद्धा लागणार नाही. हिला काही कामच नाही हो. आपले पूर्वज झाडांवर लोंबकळायचे ना, तेव्हाची आहे ही. आता नुसती उरलीय." एवढं बोलून त्यांनी पेनाने दोरीवर एक बारीक निळी रेघ ओढली, आणि संमतीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. तो कागदाकडे न बघता रेघेकडे बघत राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्याच्या मनात आलं. "घरी विचारून सांगतो," तो म्हणाला. "विचारा, पण फार दिवस लावू नका," बाई म्हणाल्या. "दोरी जायची बोटातली वाट बुजत जाते. मग मलाही काही करता येणार नाही."

बसमध्ये उभं राहायलाच जागा होती. त्याने डाव्या हाताने वरचा दांडा धरला, आणि सहज इकडेतिकडे बघितलं, तर सगळे तसेच. कुणी दांड्याला, कुणी पट्ट्याला, एक हात वर करून सगळं शहर लोंबकळत घरी चाललं होतं. बाह्या कोपरापर्यंत घसरलेल्या, आणि उघड्या मनगटांवर कुठे दोरी होती, कुठे नव्हती. ब्रीफकेसवाल्या गृहस्थाला होती. शाळेच्या गणवेशातल्या मुलीला नव्हती. कानाला फोन लावून भांडणाऱ्या बाईला होती, आणि प्रत्येक शब्दागणिक ती वर येत होती. इतकी वर्षं त्याने माणसांचे चेहरे बघितले होते, आता त्याला मनगटांखेरीज काही दिसेना. त्याने दांडा सोडून दिला. पुढच्याच वळणावर तो मागच्या माणसाच्या अंगावर जाऊन आदळला, आणि त्याने "धरून उभे राहा ना!" म्हणून फटकारलं तेव्हा निमूटपणे पुन्हा लोंबकळू लागला.

चर्चच्या खिडक्यांना रंगीत काचा बसवायचं काम त्याचं. लोक त्याला काचवाला म्हणत, आणि त्याच्याआधी त्याच्या वडिलांना, आप्पांनाही काचवालाच म्हणत. महिन्याभरापूर्वी एका मोठ्या खिडकीसाठी तो काच तोडत होता. खिडकीचा विषय पहिला माणूस: मातीतून अर्धा वर आलेला, अंगात नुकताच श्वास शिरलेला. अंग झालं होतं, चेहरा झाला होता, उजवा हात राहिला होता. गव्हाळ रंगाच्या काचेवर हिऱ्याने रेघ मारली, पकडीने चिमटा दिला, आणि रेघेवरून तुटायची ती काच आडवीतिडवी तुटून तर्जनीच्या मुळाशी शिरली. गल्लीतल्या डॉक्टरांनी टाके घातले, काचवाल्याच्या हाताला काच लागणारच म्हणून थट्टाही केली. टाके निघाले, जखम भरली, आणि मग लक्षात आलं की बोट वाकत नाही. मन म्हणायचं वाक, आणि बोट शेजाऱ्याला हाक मारावी तसं ऐकून न ऐकल्यासारखं सरळ उभं. आतली दोरीच तुटली होती आणि ती कुणी शिवलीच नव्हती. आता तिची टोकं आखडून लांब गेली होती, ती जुळण्यातली नव्हती. हिरा धरायचा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात. तर्जनी दाबली नाही तर रेघ उमटत नाही, आणि रेघ उमटली नाही तर काचवाला कसला.

घरी येऊन त्याने बायकोला दोरी काढायची आहे एवढंच सांगितलं, कशाची उरलेली ते सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली. त्याला काही माहीत नव्हतं अशातला भाग नाही. शाळेत त्याने उत्क्रांतीचं उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते, आणि त्याच आठवड्याच्या रविवारी चर्चमधल्या मुलांच्या वर्गात मातीच्या माणसाची गोष्टही न अडखळता म्हणून दाखवली होती. परीक्षेत माकड, रविवारी माती. एका भिंतीआडच्या दोन बिऱ्हाडांनी वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलता राहावं, तशा या दोन्ही गोष्टी त्याच्यात सुखाने राहिल्या होत्या. भांडायचं कारणच आलं नव्हतं. माकड होतं ते पुस्तकातलं, कुठल्या तरी दूरच्या जंगलातलं. ते आपल्या मनगटात असेल, आणि नेमकं त्या जागी असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कारण ती जागा आप्पांची होती. लहानपणी उपदेश लांबला की तो आप्पांच्या मांडीला टेकून त्यांच्या मनगटाशी खेळत बसायचा. आप्पा बोटांत बोटं गुंतवून डोळे मिटून बसलेले, आणि त्यांच्या मनगटावर ही दोरी ताठ. तो ती तारेसारखी छेडायचा. आप्पा डोळे न उघडता हात सैल सोडायचे, दोरी गडप. पुन्हा आवळायचे, दोरी हजर. एकदा चर्चमधून परतताना त्याने विचारलं होतं, आप्पा, ही काय आहे? आप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. "देवाने माणूस मातीचा केला ना, तर ती माती सुटायला लागली. मग त्याने आतून दोरी ओवली, अशी खेचून घेतली, आणि इथे शेवटचा टाका घातला. तुझ्यातही घातलाय, बघ." भर रस्त्यात उभं राहून आप्पांनी त्याची चिमुकली मूठ आवळली होती, मनगट वाकवलं होतं, आणि खरंच, सुतळीच्या तुकड्याएवढी त्याचीही दोरी वर आली होती. त्या दिवशी त्याला जे वाटलं ते पुढे कुठल्या उपदेशाने, कुठल्या गीताने वाटलं नाही. कुणीतरी आपल्याला हाताने केलंय, आणि करून झाल्यावर गाठ मारलीय. मोठेपणी ती गोष्ट आप्पांनी रस्त्यात रचली होती हे त्याला कळत नव्हतं का? कळत होतं. पण शेवटच्या आजारपणात आप्पांचं मांस झडून गेलं, आवाज गेला, ओळख गेली, आणि तरी त्याने हात हातात घेतला की ते बोटं आवळत, आणि कागदासारख्या कातडीखाली दोरी वर येई. तेव्हा तो रडला नव्हता. टाका शाबूत आहे, असं त्याला वाटलं होतं. आणि आता एक हसरी बाई सांगत होती की टाका वगैरे काही नाही, उरलंय ते.

त्या रविवारी त्याला प्रार्थना करता आली नाही. बोटांत बोटं गुंतवली तर बाकीची सगळी वाकली आणि तर्जनी मात्र सरळ पुढे, थेट समोरच्या बाकावर बसलेल्या खजिनदारांच्या टकलावर रोखलेली. त्याने हात खाली घेतले. हे खजिनदार म्हणजे चर्चच्या मंडळीतलं मोठं प्रस्थ. खिडकीची कल्पना त्यांचीच. माणसाला बेंबी दाखवायची नाही हा हट्टही त्यांचाच. "पहिल्या माणसाला आईच नव्हती, तर बेंबी कुठून येणार? उगाच लोकांनी शंका काढायला नको." काचवाल्याने मान डोलावली होती आणि बेंबी नसलेलं पोट कापलं होतं. ते पोट पूर्ण झाल्यावर दिव्यावर धरलं तेव्हा मडक्यासारखं दिसत होतं, पण तो काही बोलला नव्हता. आता दुसऱ्या दिवशी खजिनदार कारखान्यात आले. खालून दिवा लावलेल्या टेबलावर पहिला माणूस पडला होता आणि हाताच्या जागी नुसतं भोक, त्यातून उघडा पांढरा उजेड डोळ्यांवर येत होता. "कधी होणार हे?" त्यांनी हाताने डोळे झाकत विचारलं. काचवाला त्यांच्या मनगटाकडे बघत होता. "अंगठा आणि करंगळी जुळवा बघू." "कशाला?" "हाताचं चित्र काढायचंय, नमुना हवा." खजिनदारांनी खूश होऊन जुळवली, आणि त्यांच्या गोऱ्यापान मनगटावर दोरी अशी काही उभी राहिली की तिच्यावर कपडे वाळत घालावेत. "ही कशासाठी असते?" काचवाल्याने विचारलं. "कशासाठी तरी असेलच. देवाने उगाच काही दिलंय का?" "कापून टाकली तरी काही अडत नाही म्हणतात. डॉक्टर म्हणतात, झाडावर होतो तेव्हाची." खजिनदारांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि शर्टाची बाही ओढून बटण लावलं. "तुम्ही काच कापा," ते म्हणाले. "हे असलं डोक्यात भरवणारे डॉक्टर बदला." जिना उतरतानाही ते बाही चाचपत होते. एरवी त्याला हसू फुटलं असतं, पण त्या दिवशी खजिनदारांच्या जागी त्याला तो स्वतःच दिसला.

चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, निराळे. शांत माणूस, कुणाच्या अंगावर न येणारा. बुधवारच्या संध्याकाळच्या उपासनेनंतर त्याने त्यांना मागच्या खोलीत गाठलं आणि सगळं सांगितलं, आप्पांची गोष्टसुद्धा. पाळकसाहेब झगा घडी करून ठेवत म्हणाले, "देवाने सहा दिवसांत सृष्टी केली, तर ते आपले सहा दिवस कशाला धरायचे? देवाचा एक दिवस किती मोठा असेल ते आपण कोण ठरवणार? त्याने हळूहळू घडवलं, पायरीपायरीने घडवलं, म्हणून घडवणारा नाही असं थोडंच होतं?" ऐकायला हे सगळं गुळगुळीत होतं आणि नेमकं म्हणूनच त्याच्या हातून निसटत होतं. "वेळेचं माझं काही म्हणणं नाही साहेब. घेऊ दे हवा तेवढा वेळ. पण उरलं कसं? ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्या हातून उरतं कसं?" पाळकसाहेबांनी घडी केलेला झगा बाजूला सारला. मग त्यांनी नकळत अंगठा करंगळीला लावला, मनगट वाकवलं. काही आलं नाही. दुसऱ्या हाताने बघितलं, तिथेही नाही. "माझ्यात नाहीच की," ते जरा ओशाळून म्हणाले. "म्हणजे मला घडवताना टाका घालायचा राहिला वाटतं." दोघेही हसले, पण त्या हसण्याने कुणालाच बरं वाटलं नाही. "माझ्याकडे याचं उत्तर नाही," पाळकसाहेब शेवटी म्हणाले. "पण बोटाला उत्तराची वाट बघायला लावू नका." त्याने डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, मनगटातली नको, दुसरीकडची घेता येईल का. येईल की, त्या म्हणाल्या, पोटरीत एक असते. तिचं काम काय? "काही नाही. तीही तसलीच, उरलेली." त्याने कपाळाला हात लावला, तर तर्जनी डोळ्यात गेली.

बायको सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि मग पोस्टात कामाला जायची. चार दिवस तिने तो विषय काढला नव्हता, पाचव्या दिवशी वरचं बटण लावता लावता थांबली. "कागदावर सही केलीत का?" "नाही." "का पण?" तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "अहो, तुमच्या कारखान्यात पेटीभर उरलेल्या काचा आहेत. त्यांना कुणी टाकाऊ म्हटलं की तुम्ही अंगावर येता. कधी ना कधी कामी येतात म्हणता. मग याचंच काय एवढं?" त्याचा आवाज एकदम चढला. "मी माणूस आहे! माझा अंदाज चुकतो म्हणून उरतात. त्याचा अंदाज चुकला असं म्हणायचं का?" ती दचकली नाही. "ते मला ठाऊक नाही. मला बोट ठाऊक आहे. आप्पा असते तर त्यांनी आधी कशाची काळजी केली असती, गोष्टीची की बोटाची?" तिने बटण लावलं, कॉलर सारखी केली, आणि दारात चपला घालताना वळून म्हणाली, "मला रोज बटणं लावायला काही वाटत नाही. तुम्हाला वाटेल." त्याला राग आला तो तिचा नव्हता. टेबलावर संमतीचा कागद पडला होता. त्याने डाव्या हाताने सही केली. ती सही त्याची वाटत नव्हती. भीती होती तेवढीच होती, उलट वाढली होती. ज्या एका धाग्याला धरून आपण इतकी वर्षं उभे आहोत तोच उपसून द्यायचा, आणि तोही एका बोटासाठी. बोट परत मिळेल आणि ज्याला हात जोडायचे तोच उरणार नाही, असं झालं तर?

"पूर्ण झोपवणार नाही," बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. "हाताचं दुखणं तेवढं मारू, हलणं राहू दे. दोरी किती ताणून बसवायची ते तुम्हीच बोट वाकवून मला दाखवायचं." टेबलावर आडवा पडून तो दिव्याकडे बघत होता. त्याच्या टेबलाचा दिवा खालून, यांचा वरून, एवढाच फरक. हात बाजूच्या फळीवर, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. काहीतरी ओढल्यासारखं झालं, दुखलं नाही. बाईंनी वाकून बघितलं आणि नर्सला म्हणाल्या, "सापडली." त्यांनी कात्री मागितली. "थांबा," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "दुखतंय का काका?" "नाही." "मग?" "मला बघायचीय." बाईंनी त्याची मान उचलायला नर्सला खुणावलं. चिमट्याच्या टोकावर ती होती. त्याने कल्पना केली होती सुतळीची, काळपट, जुनाट, उरलेल्या गोष्टी असतात तशी. ती पांढरीशुभ्र होती. ओली, चकचकीत, काचेची तार ओढावी तशी, जणू आजच केलेली. आप्पांची हीच असणार, असं वाटलं, आणि आप्पांच्या वडिलांची, आणि त्यांच्याही मागे कुणाकुणाची, चर्च नव्हतं तेव्हाची, चाकू नव्हता तेव्हाची, फांदीला धरून पिलाला छातीशी कवटाळणाऱ्या कुणा आईची. इतक्या लांबून ती हातोहात आली होती, कुठेही न तुटता. त्याने मान परत टेकवली. "घ्या," तो म्हणाला.

पुढे बराच वेळ तो डोळे मिटून होता. बोटाच्या आतून काहीतरी ओवलं जात होतं, हे त्याला कळत होतं. दुखत नव्हतं, पण ओवणं कळत होतं. "आता वाकवा, काका." त्याने बघितलं. मनात म्हणाला, वाक. बोट थरथरलं, जरासं झुकलं आणि अडलं. "ढिली राहिली," बाई म्हणाल्या आणि घातलेला टाका उसवला. पुन्हा ताणून बसवली. आता बोट आपलं आपणच मिटून बसलं, उघडेना. "आता जास्त झाली." पुन्हा उसवला. तो त्यांच्याकडे बघत राहिला. बाईंना याचं काहीच वाटत नव्हतं. अंदाज चुकला म्हणून त्या खट्टू नव्हत्या की गडबडल्या नव्हत्या. ताणायचं, बघायचं, सैल करायचं, परत बघायचं, हेच त्यांचं काम होतं. आणि एकदम त्याला कारखान्यातले आप्पा दिसले. आप्पा अंदाज कधी बांधतच नसत. तुकडा उजेडावर धरायचा, काढायचा, कड घासायची, परत धरायचा. लहानपणी त्याला वाटायचं, आप्पांना येत नाही म्हणून ते इतक्यांदा काढतात. मग कधीतरी आप्पा दोन पावलं मागे सरत, मान कलती करत आणि हळूच म्हणत, "चांगलं आहे." सृष्टी घडवताना देवही रोज संध्याकाळी असंच म्हणाला होता, असं ते सांगत. पण संध्याकाळी म्हणाला, तर दिवसभर काय करत होता? याचा विचार त्याने आजवर कधी केलाच नव्हता. दिवसभर धरत होता, काढत होता. माझ्या मनगटावर त्याने गाठ मारलीच नसेल, कारण त्याचं काम अजून चालूच असेल. असं असेल का? असेलच असं नाही. नुसत्या भीतीने मन काहीही जुळवतं, हे त्याला ठाऊक होतं.

"आता बघा," बाई म्हणाल्या. "घाई करू नका. सावकाश." त्याने पुन्हा मनात म्हटलं, वाक. बोट हललं. पहिल्यांदा टोक, मग मधलं पेर, मग सगळंच, हळूहळू, जुन्या दाराने उघडावं तसं, पण न अडता, तळव्याकडे वाकत गेलं. मनगटावर जिथे दोरी उठायची तिथे काहीच उठलं नाही. ती तिथे नव्हती. ती बोटात होती आणि ओढत होती. बाई खुर्चीत मागे रेलल्या, मान कलती केली, आणि मास्कच्या आतून, कुणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात म्हणाल्या, "चांगलं आहे."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. नर्सने विचारलं, दुखतंय का. त्याने मान हलवली. "डॉक्टर, परत म्हणा."

"काय परत म्हणू?"

"आत्ता म्हणालात ते."

बाईंना काही कळलं नाही, पण टेबलावरची माणसं काहीबाही बोलतात याची त्यांना सवय असावी. "चांगलं आहे, काका," त्या म्हणाल्या. "पण अजून झालेलं नाही. वाकवा बघू परत."

त्याने परत वाकवलं.